नकाशा कुठल्या सालचा? फरगानाच्या सीमांवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: “मी इतिहासात एम.ए. केलं आहे. मध्य आशियातल्या, विशेषतः फरगाना खोऱ्यातल्या सीमांवर पीएच.डी. करायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, काम बहुविद्याशाखीय हवं. म्हणजे नेमकं करायचं काय? आणि तिथल्या वेड्यावाकड्या सीमा स्टालिनने ‘फोडा आणि झोडा’ म्हणून आखल्या हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मग नवीन शोधण्यासारखं उरलंय काय?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. “स्टालिनने मुद्दाम वाकड्या रेघा मारल्या” हे वाक्य मी ओशच्या टॅक्सीवाल्याकडून ऐकलंय, दिल्लीच्या चर्चासत्रात ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या पहिल्या संशोधन आराखड्यातही ते होतं. ते साफ खोटं आहे असं नाही. स्टालिन तेव्हा राष्ट्रीयत्वांच्या प्रश्नावरचा पक्षातला सर्वांत वजनदार माणूस होता आणि अंतिम मंजुरी मॉस्कोतूनच मिळत होती. पण या एका वाक्याने पुढचा कुठलाच प्रश्न सुटत नाही. सीमा इथूनच का गेली, चार किलोमीटर अलीकडून का नाही? अंदिजान उझबेकिस्तानात आणि ओश किर्गिझस्तानात, हे कसं झालं? त्या वाक्यात याचं उत्तर नाही.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. फरगाना म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त सत्तर किलोमीटर रुंद असं डोंगरांनी वेढलेलं बदामी आकाराचं खोरं. उत्तरेला तियान शानच्या रांगा, दक्षिणेला अलाय आणि तुर्कस्तान पर्वत, पश्चिमेला खुजंदजवळ एक अरुंद दार. नारीन आणि कारा दर्या या नद्या नमनगानजवळ मिळतात आणि सीर दर्या होते. तळाची सपाट, सिंचनाखालची जमीन बहुतांशी उझबेकिस्तानची, कडेचे चढ आणि डोंगर किर्गिझस्तानचे, पश्चिमेचं तोंड ताजिकिस्तानचं. दक्षिण कडेला एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचे तुकडे आहेत: सोख आणि शोहिमरदान हे उझबेकिस्तानचे, वोरुख ताजिकिस्तानचं, आणि तिन्ही चारी बाजूंनी किर्गिझस्तानने वेढलेले.

आता १९२४. तुर्कस्तान (तुर्की देश नव्हे, मध्य आशियातला प्रदेश), बुखारा आणि खोरेज्म ही तीन प्रजासत्ताकं मोडून ‘राष्ट्रवार’ विभागणी करायचं ठरलं आणि ऑक्टोबरपर्यंत उझबेक आणि तुर्कमेन प्रजासत्ताकं उभी राहिली. ताजिकांना उझबेकिस्तानच्या आत स्वायत्त प्रजासत्ताक मिळालं. १९२९ मध्ये खुजंदचा परिसर त्यांना जोडून त्याचं स्वतंत्र संघराज्यीय प्रजासत्ताक झालं. किर्गिझांना आधी रशियाच्या अंतर्गत ‘कारा-किर्गिझ’ स्वायत्त प्रांत मिळाला (तेव्हा रशियन कागदपत्रांत कझाखांनाच किर्गिझ म्हणत, म्हणून हा वेगळा शब्द), आणि १९३६ मध्ये पूर्ण प्रजासत्ताक. या काळातले सीमा आखणाऱ्या आयोगांचे कागद वाचायला घेतलेत की पहिला धक्का बसतो: भांडणारे मॉस्कोचे साहेब कमी आणि स्थानिक कम्युनिस्ट जास्त. उझबेक बाजू म्हणते, शहर आमच्या भाषेचं आहे. किर्गिझ बाजू म्हणते, असेल, पण भोवतालच्या डोंगरातली आमची माणसं बाजाराला याच शहरात येतात. शहरच काढून घेतलंत तर आमच्या प्रांताकडे उरणार काय? ओश किर्गिझांकडे गेलं त्यात या युक्तिवादाचा मोठा वाटा होता, शहरात उझबेकांची वस्ती जास्त असूनही. कुठे ‘कालवा दोन प्रजासत्ताकांत तोडू नका’ हा मुद्दा भाषेवर मात करतो, कुठे उलट होतं. गावकऱ्यांचे अर्जही येतात.

हे वाचताना मराठी माणसाला ओळखीचं वाटल्याशिवाय राहत नाही. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत, लोकेच्छा: बेळगावच्या वादात आपण ही सूत्रं पाठ केली आहेत. १९६७ चा महाजन अहवाल आणि त्यावरची टीका चाळून मग १९२४ चे कागद उघडा. कोणता निकष केव्हा पुढे केला जातो आणि केव्हा सोयीस्कर विसरला जातो, हे पटकन दिसायला लागेल. पण साम्य तिथेच थांबवा. बेळगावची रेघ एका देशाच्या आत राहिली. फरगानातली रेघही सत्तर वर्षं आतलीच होती, १९९१ मध्ये ती एकाएकी आंतरराष्ट्रीय झाली. माझ्या मते तुमचा खरा विषय १९२४ नाहीच. त्यानंतरची ती सत्तर वर्षं आहेत.

कारण त्या काळात रेघ सरकत राहिली. सामूहिक शेतं एकमेकांच्या हद्दीत पसरली, एका प्रजासत्ताकाने दुसऱ्याला कुरणं दीर्घ मुदतीने वापरायला दिली आणि ती परत आलीच नाहीत, डोंगरातल्या किर्गिझ कुटुंबांना खाली नव्या आखीव वस्त्यांत आणून बसवलं. कोणाचं बिघडत नव्हतं. सगळं एकाच देशात होतं. मग १९५८-५९ मध्ये किर्गिझ आणि ताजिक अशा दोन्ही बाजूंच्या संयुक्त आयोगाने प्रत्यक्ष वापर पाहून नकाशा केला. स्वातंत्र्यानंतर ताजिकिस्तानने १९२४-२७ चे नकाशे पुढे केले आणि किर्गिझस्तानने १९५८-५९ चे. दोघांकडेही सरकारी शिक्क्याचे, खरेखुरे नकाशे. तीस वर्षं चाललेला वाद ‘नकाशा खरा की खोटा’ हा नव्हताच, ‘नकाशा कुठल्या सालचा’ हा होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बहुविद्याशाखीय म्हणजे काय. बहुतेक प्रबंधांत याचा अर्थ असा असतो: पहिलं प्रकरण इतिहास, दुसरं भूगोल, तिसरं संस्कृती, चौथं आंतरराष्ट्रीय संबंध. थाळीत वाट्या मांडाव्यात तसं. एकाचा रस दुसऱ्याला लागत नाही. माझी पद्धत उलटी आहे. एक छोटी, हाताला लागणारी वस्तू घ्यायची: एक पाट, एक रस्ता, एक बाजार, एक रकाना. तिच्याबद्दल प्रत्येक शास्त्राला विचारायचं. आणि जिथे दोन शास्त्रांचे पुरावे एकमेकांना खोटं पाडतात, तिथे बूड टेकून बसायचं.

एक पाट घेऊ. इस्फारा नदी दक्षिणेच्या बर्फाळ डोंगरातून उतरते आणि वोरुखवरून खाली येते. तिच्यावर ‘गोलोवनोय’ नावाचा पाणी वळवायचा बंधारा आहे. रशियन ‘गोलोवा’ म्हणजे डोकं, म्हणजे हे कालव्याचं मुख. तिथून निघणारं पाणी किर्गिझस्तानातल्या तोर्तकुल तलावात जातं. सोव्हिएत काळातच बांधलेला हा तलाव बातकेनच्या बाजूची शेती पोसतो. २०२१ च्या एप्रिलअखेर या बंधाऱ्याजवळच्या खांबावर टेहळणी कॅमेरा बसवण्यावरून बाचाबाची झाली, दगडफेक झाली, आणि दोन दिवसांत किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या दोन्ही देशांची सैन्यं एकमेकांवर गोळीबार करत होती. पन्नासहून अधिक माणसं मेली. सप्टेंबर २०२२ मध्ये याहून मोठा भडका उडाला. मृतांचा आकडा शंभरावर गेला आणि किर्गिझ बाजूला लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली.

राज्यशास्त्राचा अभ्यासक इथे राष्ट्रवाद, सैन्य, नेते पाहील, आणि ते पाहायलाच हवं. पण एप्रिल का, हे त्याला सांगता येणार नाही. ते जलशास्त्र सांगतं. हिमनदीवर पोसलेल्या नदीला भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला पूर येतो. पेरणीला आणि जर्दाळूच्या बागांना पहिलं पाणी लागतं ते वसंतात, नदी रोडावलेली असताना. १९८९ मध्येही याच पट्ट्यात जमीन आणि पाण्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या, तेव्हा सीमेवर ना चौकी होती ना स्वतंत्र देश. आता हे दोन पुरावे शेजारी ठेवा. पाणी हेच कारण म्हणावं, तर वसंतातली टंचाई दरवर्षीची, सैन्य मात्र दरवर्षी उतरत नाही. राष्ट्रवाद हेच कारण म्हणावं, तर १९८९ चं काय? या दोहोंच्या मधल्या जागेत तुमचा प्रबंध आहे.

त्या मधल्या जागेत एक माणूस उभा असतो: मिराब. मीर-ए-आब, पाण्याचा अधिकारी. आपल्या धुळे भागातल्या पांझरेवरच्या फड पद्धतीत जो पाटकरी असतो, जवळपास तोच. पाण्याच्या पाळीला तिकडे ‘नवबत’ म्हणतात. आपली ‘नौबत आली’ ती मुळात हीच. बातकेनजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला त्याचा पाट दाखवला होता. रुंदी दोन हातांची, कडेला केतमेनने, म्हणजे तिकडच्या जड कुदळीने, नुकताच उपसलेला गाळ. म्हणाला, पूर्वी वरच्या गावचा ताजिक मिराब आणि आमचा मिराब चहाला बसायचे आणि नवबत ठरायची, गाळ काढायला दोन्ही गावं हशर करायची. हशर म्हणजे सार्वजनिक श्रमदान. १९३९ मध्ये या नावाखाली सुमारे १,६०,००० शेतकऱ्यांकडून दीड महिन्यात २७० किलोमीटरचा मोठा फरगाना कालवा खणून घेतला गेला, त्यामुळे हा शब्द ऐकून फार गहिवरून जाऊ नका. “आता?” मी विचारलं. “आता मिराबाला वर जायचं तर परवानगी लागते. पाण्याला लागत नाही.” हे वाक्य कुठल्याही अभिलेखागारात सापडलं नसतं. पण ते वाक्य खरं किती आणि हळहळ किती, हे तपासायला अभिलेखागारातच जावं लागलं. त्या भल्या जुन्या दिवसांतल्या पाणीतंट्यांच्या तक्रारींची फाइल चांगली जाडजूड निघाली.

भाषेबद्दल बोलायला हवं, कारण इथे मी सणसणीत चूक केली होती. पहिल्या दौऱ्यात मी एक प्रश्नावली घेऊन गेलो. त्यात ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना आणि पुढे चौकटी: उझबेक, ताजिक, किर्गिझ, इतर. एकावरच खूण करायची. फरगाना शहरात सोखहून आलेलं एक कुटुंब भेटलं. सोख उझबेकिस्तानचं, वेढलेलं किर्गिझस्तानने, आणि बोलतात तिथे ताजिक. आजी म्हणाली, आम्ही सोखी. मुलगा म्हणाला, कागदावर उझबेक लिहा. नातू म्हणाला, घरी ताजिक, शाळेत विचाराल तर बघू. मी मुलाचं उत्तर प्रमाण धरलं आणि पुढे गेलो. परत आल्यावर माझ्या तक्त्यात सोखमध्ये ताजिक जवळजवळ नव्हतेच. १९२० च्या दशकातल्या शिरगणतीवाल्यांवर टीका करणारा मी, त्यांचंच काम नव्याने करून आलो होतो.

त्या शिरगणतीची गोष्ट तर फारच बोलकी आहे. क्रांतीपूर्वी खोऱ्यातल्या स्थायिक शहरी-शेतकरी लोकांना ‘सार्त’ म्हणत, मग त्यांची बोली तुर्की असो की फारसी. १९२० च्या दशकात हा वर्गच अधिकृत यादीतून गेला आणि बहुसंख्य सार्त उझबेक म्हणून नोंदले गेले. म्हणजे आधी लोक होते आणि मग त्यांची सीमा आखली, इतकं ते सरळ नाही. मोजणी आणि आखणी एकमेकींचा हात धरून चालल्या.

बाबराचा जन्म १४८३ चा, याच खोऱ्यातला, अंदिजानचा. बाबरनाम्यात तो खोऱ्याचं वर्णन करतो तेव्हा अंदिजानचे लोक तुर्क आणि इस्फाराचे फारसी बोलणारे सार्त असं लिहितो. इस्फाराचे चार भाग सांगतो: इस्फारा, वोरुख, सोख, हुशयार. आजच्या नकाशावर यातली दोन नावं परदेशाने वेढलेल्या बेटांची आहेत. काबूलला निघण्याआधी राज्य गमावलेल्या बाबराने जवळपास वर्षभर हालअपेष्टांत काढलं तेही सोख आणि हुशयारच्या डोंगराळ गावांत. भाषेचा हा ठिपकेदार गालिचा स्टालिनच्या सव्वाचारशे वर्षं आधीचा आहे, हे सांगायला बाबराइतका चांगला साक्षीदार नाही. मात्र ‘तेव्हापासून इथे ताजिक आहेत’ असा दाखला म्हणून त्याला आजच्या वादात ओढू नका. त्याच्या लेखी सार्त हा राहणीचाही शब्द होता, आजच्या अर्थाचं राष्ट्र नव्हे.

तयारी काय करायची? रशियन आजच सुरू करा, तिला पर्याय नाही. दुसरी भाषा तुमच्या विषयावर ठरेल, पण ताजिक घेतलीत तर मराठीचा अनपेक्षित आधार मिळतो. सीमेला ताजिकमध्ये सरहद म्हणतात, जर्दाळूला जर्दोलु. उझबेक घेतलीत तर लिपीची तयारी ठेवा. शंभर वर्षांत अरबी, मग लॅटिन, १९४० पासून सिरिलिक, १९९३ पासून पुन्हा लॅटिन. पेशवे दफ्तरात मोडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तसंच हे. फक्त इथे मोडी तीनदा बदलते. गावांची नावंही तशीच. खुजंद १९३६ ते १९९१ लेनिनाबाद होतं. फरगाना शहर एके काळी रशियन सेनानीच्या नावाने स्कोबेलेव होतं. सूचीत एकाच नावाने शोधलंत तर निम्मे कागद हातून जातील.

नकाशांचं गणित स्वतः करून बघा. १:१,००,००० प्रमाणाच्या सोव्हिएत नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. सीमेची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती पन्नास मीटर रुंद झाली. इस्फारा खोऱ्यातल्या काही वस्त्यांत किर्गिझ आणि ताजिक घरं बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक आहेत. त्या शाईत घर, अंगण, गोठा सगळं बुडतं. “सीमा नकाशावर स्पष्ट आहे” असं कोणी म्हणालं की मी पट्टी काढतो.

वस्ती केव्हा पसरली हे ठरवायला उपग्रहांची जुनी छायाचित्रं वापरा. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यापुढे लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेतच. तोंडी इतिहासात “ही बाग आजोबांची” असं येतं आणि चित्रात १९७० पर्यंत तिथे माळ दिसतो, असं होईल. लगेच म्हाताऱ्याला खोटारडा ठरवू नका. कदाचित आजोबांची बाग दुसऱ्या जागी होती आणि कुटुंब हलवलं गेलं. विस्थापनाचा धागा मला एकदा असाच सापडला.

कापसाची अर्थव्यवस्था सोडू नका, आणि इथे आपल्या घरचा दुवा खरा आहे. १८६१-६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापूस महागला तेव्हा ब्रिटिशांची नजर वऱ्हाडावर गेली आणि रशियन गिरणीवाल्यांची तुर्कस्तानवर. १८६५ मध्ये ताश्कंद पडलं, १८७६ मध्ये कोकंदची खानत, म्हणजे खानाचं राज्य, बरखास्त होऊन फरगाना रशियन प्रांत झाला. फक्त कापसासाठी हे घडलं असं नाही, पण नंतर खोऱ्याचं जे झालं ते कापसामुळेच. खामगावला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला, अंदिजानला १८९९ मध्ये रूळ पोहोचले. दोन्हीकडे गाठी बाहेर गेल्या. या तुलनेवर मराठीत काम झालेलं मला हवं आहे. तुम्हाला सीमांचा कंटाळा आला तर हा विषय घ्या.

संस्थांमध्ये मुंबई विद्यापीठाचं मध्य युरेशियाई अभ्यास केंद्र आणि जेएनयूचं रशियन व मध्य आशियाई केंद्र इथूनच सुरुवात होते. सीमाशास्त्राची पद्धत शिकायची तर जपानच्या होक्काइदो विद्यापीठातलं स्लाव्ह-युरेशियाई संशोधन केंद्र पाहा. ओशला गेलात की मराठी ऐकू येईल. एमबीबीएसची आपली मुलं तिथे बरीच आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांच्या मेसचा वरण-भात फार मोलाचा असतो, मात्र मुलाखतींना त्यांना दुभाषे म्हणून नेऊ नका. त्यांना तिथे वर्षानुवर्षं राहायचं असतं.

यावरून सुरक्षिततेचं. चौकी, सैनिक, पूल, धरण यांचे फोटो नाहीत म्हणजे नाहीत. सीमाभागासाठी वेगळा परवाना लागतो. तो नसताना “काही होत नाही” म्हणणाऱ्या ड्रायव्हरबरोबर जाऊ नका. २०१४ मध्ये ताजिकिस्तानात खोरोगला मुलाखती घेणाऱ्या एका संशोधकाला हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली होती. २०२२ मध्ये केम्पिर-आबाद तलावाचा प्रदेश, सुमारे ४,४८५ हेक्टर, उझबेकिस्तानला देण्याच्या कराराला विरोध केला म्हणून किर्गिझस्तानात वीसहून अधिक जण तुरुंगात गेले. त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला २०२४ उजाडलं. तुम्ही परत याल, तुमच्याशी बोललेली माणसं तिथेच राहतील. म्हणून वहीत नावं लिहू नका. गावाचं नावही बदलावं लागेल, आणि सीमेवरच्या अभ्यासात गावाचं नाव बदलणं म्हणजे अर्धा पुरावा सोडून देणं. प्रत्येक प्रकरणात हा हिशेब नव्याने करावा लागतो.

राहिला प्रश्न, आता उरलंय काय. १३ मार्च २०२५ रोजी बिश्केकमध्ये किर्गिझ आणि ताजिक राष्ट्राध्यक्षांनी सीमाकरारावर सह्या केल्या, ३१ मार्चला खुजंदमध्ये तिन्ही देशांनी आपल्या सीमा जिथे मिळतात तो बिंदू मान्य केला. अनेकांनी मला लिहिलं, तुमचा विषय संपला. माझ्या मते आत्ताच तो हाताशी आला आहे. आजवर रेघ नव्हती म्हणून काय होतं ते आपण लिहीत होतो. आता रेघ आहे. बुद्धिबळाच्या पटावरची घरं कोणत्या बाजूला गेली, अदलाबदलीत कोणाची बाग गेली, तिची भरपाई झाडं मोजून झाली की हेक्टरने, मिराबाला वर जायचा पास मिळतो का? तुमची पहिली फेरी एप्रिलमध्ये ठेवा. उन्हाळ्यात हवा छान असते, पण तेव्हा नदीला पाणी भरपूर असतं आणि सगळेच एकमेकांशी गोड बोलतात.